एक देवराव आणि एक हात

रुखमानं जन्मात कधी टेबलाशी बसून घास खाल्ला नाही. तिच्या घरी टेबलच नव्हतं. एक पाट होता, त्यावर नवरा बसायचा. तरीही धानोऱ्याच्या आसपासच्या जंगलात जेवढे सरकारी बंगले होते, तिथल्या टेबलांवरचे कपडे आणि हात पुसायचे रुमाल हिच्याच हातचे. साहेबलोक त्यावर कोंबडीचा रस्सा सांडून जात. ही ते धुवी, तांदळाच्या पेजेची खळ देई, कोळशाच्या इस्त्रीखाली कडक करून परत पाठवी. हे कोण शिवतं, असं एकाही साहेबानं विचारलं नाही. विचारतील कशाला? टेबलावरचा कपडा हा काय विचारायचा विषय आहे!

पण त्याच कपड्यांपायी या बाईच्या वाट्याला जे आलं, ते तिकडचे लोक अजूनही दिवसाउजेडीच सांगतात. अंधार पडू लागला की म्हणतात, राहू द्या, उद्या सांगू.

तिचा नवरा देवराव जंगल खात्यात नाकेदार होता, म्हणजे वनरक्षक. खाकी कपडे, हातात काठी, खांद्याला झोळी, आणि पायाखाली कोस न् कोस जंगल. माणूस हसरा, थोडा वात्रटच. लग्नाला वर्ष झालं असेल नसेल, एके दिवशी तो बंगल्यावरून घरी आला आणि म्हणाला, "रुखमा, टेबलाचा कपडा शिवशील का? बंगल्यावरचा पार फाटला. उंदरानं कुरतडला."

"किती लांब?" रुखमानं विचारलं. ती हातमशीनवर चोळ्या, झंपर शिवायची. मापाशिवाय ती कात्री उचलत नसे.

"एक देवराव आन् एक हात."

झालं होतं असं, की बंगल्याचा चौकीदार लटारू याच्याकडे टेप नव्हता. मग आमचे देवराव बूट काढून सरळ टेबलावर आडवे झाले! डोकं एका कडेला टेकवलं, तर पायाकडे हातभर लाकूड उरलं. लटारू दाराशी उभा राहून ओरडत होता, "उतर लेका, साहेब पाह्यतील तं दोघाईची नोकरी जाईल." रुखमा हे ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिनं घरात जमिनीवर मांजरपाट अंथरला, देवरावला त्यावर निजवलं, खडूनं रेघ मारली, पुढे एक हात मोजला आणि चारी बाजूंना वीतभर लोंबायला सोडलं. तिचा पहिला टेबलक्लॉथ असा झाला.

पहिला तो पहिलाच. मांजरपाटाचे दोन पन्ने, म्हणजे सबंध रुंदीचे दोन पट्टे, जोडले आणि शिवण आली ऐन मधोमध, तिच्यावर मिठाचं भांडं डुगडुगायला लागलं. रुखमानं तो उसवला. सबंध पन्ना मध्ये घेतला, दुसरा उभा चिरून अर्धा अर्धा दोन्ही बाजूंना लावला. कोरं कापड आधी भिजवून आटवून घ्यायचं, कात्री लावण्याआधी कापडातली एक तार ओढून काढायची आणि तिच्या रेघेवरूनच कापायचं, म्हणजे धार वाकडी जात नाही. कोपरे आत मोडून शिवायचे, जाडी येऊ द्यायची नाही. हे तिला कोणी शिकवलं नाही, चुकत चुकत ती शिकली. आपला माल ओळखू यावा म्हणून प्रत्येक कोपऱ्यात आतल्या बाजूला लाल दोऱ्याचा एकच टाका घालायची. उरलेल्या कापडात सहा रुमाल बसले आणि वर दोन जास्तीचे निघाले. एक तिनं स्वतःला ठेवला, एक देवरावला दिला.

आता या दोन रुमालांचं नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं त्यांचंच आहे.

देवरावचा अर्धा जन्म माडिया गावांत गेला. तिकडे कोलू नावाचा एक गावकरी त्याचा दोस्त होता. कोलूच्या गावात कुणाला बोलावणं धाडायचं तर गाठी मारलेली दोरी धाडत. जितके दिवस बाकी तितक्या गाठी. दोन्ही घरी तशीच दोरी, रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की निघायचं. देवरावला हे फार आवडलं. फिरतीवर निघताना तो दोन्ही रुमाल मांडीवर घ्यायचा आणि जितके दिवस जायचे तितक्या कोपऱ्यांना गाठी मारायचा. दोन दिवस तर दोन, तीन तर तीन. रुमालाला कोपरे चार, म्हणून चार दिवसांच्या वर तो कधी राहिला नाही. एक रुमाल झोळीत, एक रुखमाजवळ. दिवस बुडायला लागला की तिनं इकडे एक गाठ सोडायची, त्यानं तिकडे. शेवटच्या दिवशी ती गाठ सोडायला बसायची आणि अंगणात काठी वाजायची. सात वर्षांत हे एकदाही चुकलं नाही.

फेब्रुवारी ब्याऐंशीत तो चार गाठी मारून गेला.

रुखमानं तीन सोडल्या. चौथ्या संध्याकाळी रुमाल मांडीवर घेऊन ती उंबऱ्यावर बसली. दिवस बुडाला. काठी वाजली नाही. तिनं विचार केला, थोडं थांबते, तो आला की मगच सोडते. ती जी थांबली, ती थांबलीच.

खात्यानं शोधलं. पंधरा दिवस माणसं जंगल पालथं घालत होती. ना बूट सापडला, ना झोळी. कोणी म्हणालं वाघ, कोणी म्हणालं तेलंगणाकडे निघून गेला, कोणी तर दुसरी बाई केली असंही बोललं. रुखमानं त्याला दारातून हाकललं. "माह्या देवराव चौथ्या दिवशी येते," ती म्हणायची. "चौथा दिवस अजून झालाच नाई. गाठ हाय न."

बाई वेडी नव्हती, हे सांगून ठेवतो. छप्पन सालच्या दीक्षेनंतरचं घर ते. रुखमाच्या बापानं देव्हारा गाठोड्यात बांधून नदीत सोडला होता. अंगारे, धुपारे, भूत, भानामती यातलं तिच्या घरात काही शिरत नसे. शेजारणीनं देव्हारीकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, चल म्हटलं, तर तिनं तिला असं फटकारलं की ती महिनाभर विस्तव मागायलाही आली नाही. पण एक गाठ मात्र तिनं सोडली नाही. जोवर गाठ आहे तोवर नवरा वाटेवर आहे, आणि सोडली की तो मेला. सोडायची ती तिनंच, आपल्या हातानं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिच्या मनात ते पक्कं बसलं होतं.

थोरले दीर गुणवंतराव आरमोरीला शाळामास्तर होते. ते दर साल येत आणि ओसरीवर बसून समजावत. "रुखमा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करून घेऊ. चार माणसं येतील, वंदना होईल. त्याच्या नावानं काहीतरी झालं पाहिजे ना?"

"जित्या माणसाचा कायचा कार्यक्रम करता, भाऊ?" ती म्हणायची आणि चहा ठेवायला आत जायची. गळ्यातली काळी पोत तिनं काढली नव्हती. तो गेला तेव्हा जिल्हा चांदा होता. पुढे गडचिरोली वेगळा झाला. रुखमाला त्याचीच काळजी वाटायची, की नवरा परत आला तर त्याला घरचा जिल्हाही नवीन सांगावा लागेल.

अशी चार वर्षं गेली. तिचं पोट शिलाईवर चालू होतं. बंगल्याचे कपडे लटारू दर बाजाराच्या दिवशी सायकलवर गाठोडं बांधून आणायचा आणि धुतलेले घेऊन जायचा. टेबलक्लॉथ जुना झाला की ती नवा शिवायची, त्याच मापाचा. जमिनीवर कापड अंथरायची आणि जिथं देवराव निजला होता तिथं खडूनं रेघ मारायची. मोजावं लागत नव्हतं. त्याची लांबी तिच्या हाताला पाठ होती.

शहाऐंशीचा फेब्रुवारी लागला. जंगलाची पानं गळायला लागली होती. या दिवसांत तिकडचं जंगल फार वाईट असतं बरं का. वारा नसतो आणि तरी आत पाचोळा वाजतो. आपण थांबलो की तोही थांबतो. सरड्याची, मुंगसाची चाल असते ती, सगळ्यांना माहीत आहे. तरी माणूस मागं वळून पाहतोच.

त्या बाजाराला लटारूनं गाठोडं आणून टाकलं. रुखमा एकेक रुमाल उकलून पाहत होती. एका रुमालाच्या चारी कोपऱ्यांना गाठी होत्या.

तिचा हात तिथंच थांबला. मग ती कडाडली, "लटारूभाऊ, असली मस्करी मले चालत नाई!"

"कायची मस्करी?" लटारूनं रुमाल पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "माह्या मायची आण, वहिनी. म्या नाई बांधल्या. कोण्या साहेबानं केलं असंल."

"साहेबाले काय ठाव?"

रुखमानं एक गाठ सोडली. सुती रुमाल उन्हात वाळून खडखडीत झाला होता, पण गाठ आतून ओली होती. तिच्यातून चिमूटभर वाळू तिच्या मांडीवर पडली. बारीक, नाल्याची वाळू, गार.

दुसऱ्या बाजाराला तीन गाठी आल्या. चौथा कोपरा मोकळा, पण चुरगळलेला. तिथली गाठ कोणीतरी सोडली होती.

त्या दिवशी लटारू सायकलवरून उतरला नाही, एक पाय जमिनीला टेकवून उभा राहिला. "वहिनी, तुले सांगू का नाई, ठरवून राह्यलो होतो," तो म्हणाला. "परवा दोपारी म्या टेबलावर इस्तरीचा कपडा टाकला. एक सुरकुती नाई. पानी आणाले गेलो आन् आलो. कपड्यावर कोणी निजून उठल्यावानी झालं होतं. डोकं इकडे, टाचा तिकडे. आन् पायाकडे..." त्यानं हात लांब केला. "पायाकडे हातभर कपडा तसाच गुळगुळीत."

माप दोघांनाच माहीत होतं. तिसरा ज्याला माहीत होतं, तो चार वर्षांपासून नव्हता.

दुसरी कोणी बाई असती तर तिनं बोंब ठोकली असती. रुखमाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसली! तिच्या हसण्यानं लटारूच्या अंगावर काटा आला, असं तोच पुढे सांगायचा.

"तो जिता हाय," ती म्हणाली. "भूत गाठी मारते का कधी? हात असल्याशिवाय गाठ बसते का? येऊन राह्यला तो. मले दिवस सांगून राह्यला."

त्या आठवड्यात गुणवंतराव आले होते. तिनं त्यांच्यापुढे बंगल्यावरून आलेले ते दोन्ही रुमाल मांडले. मास्तर चष्मा काढून बराच वेळ पाहत बसले. "रुखमा, हे सगळं आपण सोडून आलो," ते शेवटी म्हणाले.

"म्या कुठी काही म्हणलं? म्या म्हणून राह्यली का माह्या नवरा येऊन राह्यला. यात काय वाईट हाय?"

"आणि वाळू?"

"नाल्यातून येत असंल," ती चटकन म्हणाली. फेब्रुवारीत नाले कोरडे पडतात, वाळू ओली राहत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मास्तरांनाही. मास्तर उठले, चप्पल घातली आणि आरमोरीची एसटी गाठायला निघून गेले.

तिसऱ्या बाजाराला दोन गाठी. चौथ्या बाजाराला एक.

मधल्या दिवसांत रुखमानं घर सारवलं, भिंतींना पांढरी माती लावली. देवरावचा धुवट सदरा काढून बटणं लावली. आणि नवा टेबलक्लॉथ शिवायला घेतला, कारण लटारूनं सांगितलं होतं की मोठ्या साहेबाचा दौरा आहे. असं काम तिनं आधी कधी केलं नव्हतं. चारी बाजूंना दोन दोन बोटांची पट्टी मोडली, पट्टीच्या आत तारा काढून जाळी केली, एकेक टाका हातानं घातला. बाजारातून नवीन मांजरपाट आणून जमिनीवर अंथरला तेव्हा तिनं नेहमीसारखी खडूची रेघ मारली. वरचं टोक, खालचं टोक. मग उठून पाणी प्यायला गेली आणि परत आली, तर दोन रेघांच्या मधोमध कापड बसलं होतं. म्हणजे ओझ्यानं बसावं तसं. तिनं खोलीत पाहिलं. मशीन, पाट, भिंतीला टेकलेली खाट. कोणी नव्हतं.

"आत्ता नको," ती हळूच म्हणाली. "शिवू दे मले."

आणि कापड सरळ झालं. हे तिनं फार पुढे, एकदाच, लटारूच्या बायकोला सांगितलं.

पाचवा बाजार आला. लटारू दुपारीच आला. रुमाल सहाही मोकळे होते, एकालाही गाठ नव्हती. तिनं जाडा तांदूळ रांधला होता, मोहाची फुलं घालून भाकर केली होती, अंबाडीची भाजी होती. देवरावला आवडायचं ते सगळं. पाट मांडला. ताटाशेजारी आपला रुमाल ठेवला, तीन कोपरे मोकळे, चौथ्याला चार वर्षांची गाठ. नवा टेबलक्लॉथ घडी घालून खाटेवर ठेवला होता. लटारूला ती म्हणाली, "बस. त्याचा दोस्त हायेस तू." लटारूला पळून जावंसं वाटत होतं, पण दोस्त म्हटल्यावर तो बसला.

दिवस कलला. पलीकडच्या पळसावर ऊन लाल दिसायला लागलं. गावाच्या कडेला पाचोळा वाजायला लागला. एकसारखा, पावलांचा. अंगणाच्या कुडाशी येऊन थांबला.

रुखमा उठली. तिचा चेहरा नव्या नवरीचा झाला होता.

कुडापाशी एक म्हातारा माडिया उभा होता. कमरेला पंचा, खांद्यावर कुऱ्हाड, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. लटारूनं ओळखलं. "कोलू? अरे, तू इथी?"

कोलू आत आला, पण ओसरीवर चढला नाही. अंगणात उकिडवा बसला. त्याला मराठी तोडकीमोडकी यायची. "बाई," तो म्हणाला, "देवरावनं धाडलं. चार बाजार जाऊ दे म्हणे, पाचव्या बाजाराले जाय. आलो."

"कुठी हाय तो?" रुखमा खाली उतरली. "मांगून येऊन राह्यला का? पाय दुखते का त्याचा? सांग न!"

कोलूनं मान खाली घातली. "आमच्या नाल्यात हाय. चार साल झाले."

मग त्यानं सांगितलं. चार वर्षांपूर्वी देवराव त्याच्या गावाहून निघाला तो तापानं फणफणला होता. थांब म्हटलं तर थांबला नाही. आज चौथा दिवस, घरी गाठ सुटेल, म्हणाला. दुसऱ्या दिवशी गावच्या बायकांना तो नाल्यात सापडला. झाडाला टेकून बसलेला, तोंड घराकडे, धानोऱ्याकडे. अंगात जीव नव्हता. गाव घाबरलं. आपल्या शिवारात खाकीवाला मेला, आता सगळ्या गावाला बांधून नेतील. त्यांनी त्याला तिथंच काठावर पुरलं, दगड ठेवला आणि शोधायला आलेल्या माणसांना काही बोलले नाहीत.

"खोटं!" रुखमा किंचाळली. "खोटं बोलतं तू! त्यानं गाठी धाडल्या मले. मेलेला माणूस गाठी धाडते?"

कमरेच्या पिशवीतून कोलूनं एक रुमाल काढला आणि जमिनीवर ठेवला. मळून मातीच्या रंगाचा झालेला. रुखमानं कोपरा उलटा करून पाहिला. लाल दोऱ्याचा एक टाका. तीन कोपरे मोकळे आणि चौथ्याला गाठ.

ती त्या रुमालापाशी जमिनीवर बसली.

"पुरलं त्या दिवशी मी ही गाठ सोडली," कोलू म्हणाला. "सकाळी पाह्यलं तं बांधलेली. पुन्यांदा सोडली, पुन्यांदा बांधलेली. आता मी सोडत नाई. तो येते बाई. रोज, दिवस बुडायच्या टायमाले. गावाच्या कडेले उभा राह्यते. मले इचारते, रुखमानं गाठ सोडली का? मी म्हणतो, मले काय मालूम. मंग तो वापस नाल्यात जाते. चार साल झाले. आता लेकरं बी भेत नाई त्याले. पण थकला तो. औंदा माह्या दारात येऊन बसते. म्हणते, कोलू, तिले सांग न बाबा. म्या माह्या चार दिवस चाललो, ती मले घरी बी घेत नाई आन् सोडत बी नाई."

लटारू भिंतीला टेकून रडायला लागला.

रुखमा रडली नाही. ती दोन्ही रुमालांकडे पाहत होती. दोन गाठी, एकाच दिवशी, एकाच हातानं मारलेल्या. चार वर्षं तिला वाटत होतं की ही गाठ त्याला जिवंत ठेवते. तिनं जपली, उशाशी घेऊन निजली, उंदरानं कुरतडू नये म्हणून डब्यात ठेवली. आणि तो तिकडे रोज संध्याकाळी परक्या गावाच्या कडेला उभा राहून हात जोडत होता.

"म्याच अडवून ठेवलं त्याले," ती म्हणाली. "माह्या देवरावले म्याच अडवून ठेवलं."

ताटातलं अन्न गार झालं होतं. ऊन कुडाच्या टोकावर राहिलं होतं. ही त्याची गाठ सोडायची वेळ. रुखमानं पाटाजवळून आपला रुमाल उचलला आणि गाठीला नख लावलं. गाठ दगड झाली होती. दात लावला, निघेना. मशीनच्या खणातून दाभण आणला, त्याचं टोक गाठीत घातलं आणि एकेक पीळ सैल करत गेली. आयुष्यभर तिनं हजार टाके उसवले असतील, हात कधी चुकला नव्हता. आता दाभण दोनदा बोटात घुसला. मांजरपाटावर रक्ताचे दोन ठिपके उमटले. ती बोलत होती, पण कोलूशी नाही, लटारूशीही नाही. "जाय आता. म्या सोडून राह्यली. थकला न तू? जाय. घरच्याची काळजी नको करू."

शेवटचा पीळ सुटला. चुरगळलेल्या कोपऱ्यातून ओली वाळू पडली. चिमूटभर नाही, ओंजळभर. एवढ्याशा गाठीत एवढी वाळू मावणं शक्य नव्हतं.

लटारूनं कोलूचा हात धरला. अंगणात जमिनीवर पडलेल्या दुसऱ्या रुमालाकडे तो बोट दाखवत होता. त्याला कोणी हात लावला नव्हता. त्याची गाठ आपोआप सैल झाली, कोपरा उलगडला आणि मातीवर सपाट पडला.

कुडाबाहेर पाचोळा वाजला. यावेळी पावलं दूर जात होती. संथ, दमलेल्या माणसाची. थोड्या वेळानं ती ऐकू येईनाशी झाली. मग दिवस बुडाला.

दुसऱ्या सकाळी रुखमा कोलू आणि लटारूबरोबर चालत नाल्यावर गेली. काठावर एक उभा दगड होता आणि त्यापुढे लहान दगडांची लांबोडकी रांग. कोलू दबकत म्हणाला, "आमच्यात मेल्याले घरच्याचं कापड लागते बाई. त्याले कोणाचंच नाई पडलं."

रुखमानं खांद्यावरची घडी उकलली. मोठ्या साहेबासाठी शिवलेला तो टेबलक्लॉथ. जाळीची पट्टी, आत मोडलेले कोपरे, कोपऱ्यात लाल टाका. तिनं तो उभ्या दगडापासून पसरायला सुरुवात केली, बाजू ओढून सारख्या केल्या, तळव्यानं सुरकुत्या काढल्या. वरच्या अंगाचं लोंबायचं वीतभर कापड उभ्या दगडाला टेकलं. दगडांची रांग संपली तिथं तिनं हात ठेवून मोजलं. लोंबायची वीत सोडली, तर पायाशी बरोबर एक हात उरला.

तिला त्रिशरण येत होतं तेवढं ती हळू आवाजात म्हणाली. मग गळ्यातली पोत काढून कापडाखाली ठेवली. कोलूच्या गावच्या बायकांनी चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

साहेबाच्या दौऱ्याला टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली गेली आणि लटारूला बोलणी खावी लागली. त्यानं ती मुकाट खाल्ली. गुणवंतरावांनी पुढच्या महिन्यात आरमोरीला कार्यक्रम केला. रुखमा पांढरं लुगडं नेसून पुढे बसली, आणि लोकांना तिच्या वागण्यात काही वेगळं दिसलं नाही. दिवस बुडताना गावाच्या कडेला आता कोणी उभं दिसत नाही, असं कोलूनं निरोपानं कळवलं.

शिलाई तिनं सोडली नाही. पुढे बंगल्यांत रेक्झीन येईपर्यंत ती टेबलांचे कपडे शिवत राहिली. फक्त एक बदल झाला. बाजारातून तिनं टेप विकत आणला. कोणी नवा चौकीदार येऊन म्हणाला, बाई, नेहमीच्या मापाचा द्या, लटारूनं सांगितलंय, तर ती मशीन थांबवायची.

"फुटात सांगा," ती म्हणायची. "ते माप आता माह्यापाशी नाई."